महासंगणकाची बातमी झाली. नमपायची का झाली नाही?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण केले. पुण्याची जीएमआरटी, दिल्ली आणि कोलकाता ही त्यांची तीन ठिकाणे. खर्च १३० कोटी रुपये. त्याच दिवशी हवामानाच्या गणितासाठी पुण्याच्या आयआयटीएममध्ये ‘अर्का’ आणि नोएडात ‘अरुणिका’ ही यंत्रणा राष्ट्राला अर्पण झाली. खर्च ८५० कोटी. देशभरच्या वृत्तपत्रांनी या बातम्या ठळकपणे छापल्या, आणि ते योग्यच झाले.

त्याच्या सुमारे तीन महिने आधी, १६ जून २०२४ रोजी, नमपाय या पायथन-ग्रंथालयाची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००६ साली १.० आली होती. त्यानंतर अठरा वर्षांनी आकड्याचा पहिला भाग बदलला. मुख्य नामावलीतली सुमारे शंभर नावे काढली गेली, हलवली गेली किंवा कालबाह्य ठरवली गेली. पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांना, म्हणजे आज जवळजवळ सगळ्यांनाच, या बदलाने कधी ना कधी गाठले. त्याची बातमी मात्र कुठल्याही वृत्तपत्राच्या विज्ञानपानावर माझ्या पाहण्यात आली नाही.

यंत्र विकत घेता येते, त्याचा फोटो निघतो, फीत कापता येते. त्या यंत्रावर जे चालते, ते कोणत्या भरवशावर उभे आहे, हे कुणी विचारत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: ग्रंथालयाचा स्थिर, जाहीर इंटरफेस वापरणे आणि इतरांना त्याकडे वळवणे हे विज्ञानाचेच काम आहे. ते प्रोग्रामरांचे किरकोळ घरकाम समजून आपण ज्या संशोधनाचा अभिमान बाळगतो, त्याचा पाया पोखरत आहोत.

ओसरी आणि माजघर

जुन्या वाड्याला ओसरी असे आणि माजघर असे. आल्यागेल्याने ओसरीवर बसावे, तिथे त्याचे स्वागत होई, मागितलेले मिळे. माजघरात मांडणी कशी आहे, डबे कुठल्या फळीवर आहेत, हा घरच्यांचा प्रश्न. त्यांनी ती मांडणी उद्या बदलली, तर पाहुण्याने तक्रार करण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअर-ग्रंथालयाचेही असेच असते. त्याची काही फलने जाहीर असतात: त्यांचे नाव, त्यांना काय द्यायचे, ती काय परत देतील, हे दस्तऐवजात लिहिलेले असते. ही ओसरी, यालाच सार्वजनिक इंटरफेस किंवा एपीआय म्हणतात. बाकीची फलने ग्रंथालयाच्या स्वतःच्या सोयीसाठी असतात. पायथनमध्ये अशा नावाच्या आरंभी अंडरस्कोर लावण्याचा संकेत आहे. पायथन दाराला कुलूप घालत नाही. फक्त पाटी लावते. पाटी वाचणे हा वापरणाऱ्याचा विवेक.

तात्यापाऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला हा भेद वेगळा शिकवावा लागत नाही. घरात मराठी, तीही पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसगढीच्या शेजाराने वळण बदललेली. बाजारात आणि कचेरीत हिंदी. घरातला शब्द घरच्यांनी हवा तसा बदलावा. बाजारात मात्र भाव, वजन आणि माप यांचे शब्द दोन्ही बाजूंना सारखेच कळले पाहिजेत, आणि उद्याही तसेच कळले पाहिजेत. व्यवहार त्या स्थैर्यावर चालतो.

नमपायच्या माजघराचे नाव वर्षानुवर्षे नुसते ‘कोअर’ असे होते, अंडरस्कोरविना. साहजिकच लोक आत शिरले. २.० मध्ये त्याचे नाव अंडरस्कोरसह ‘_कोअर’ झाले, आणि जुन्या नावाने हाक मारणाऱ्याला एक इशारा मिळू लागला. त्या इशाऱ्याचा आशय प्रत्येक विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे: हा भाग आतला आहे, तो कोणत्याही आवृत्तीत न सांगता बदलू शकतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक जण इथे जे शोधत येतात, ते सार्वजनिक इंटरफेसमध्ये आधीच उपलब्ध आहे.

म्हणजे लोक माजघरात शिरत होते ते ओसरीवर ठेवलेल्या वस्तूसाठी! कारण उघड आहे. कुणाचा तरी जुना कोड उतरवून घेतला, तो चालला, आणि पुढे तोच दहा जणांनी उतरवला. दस्तऐवज कुणी उघडला नाही.

भौतिकीच्या माणसाला याचे काय?

‘हे संगणकशास्त्राचे प्रश्न आहेत, आम्हांला उत्तराशी कर्तव्य’ असे म्हणणारे सहकारी मला पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी आपल्याच देशातले एक उदाहरण.

जून २०२३ मध्ये जगभरातल्या पल्सार-गटांनी नॅनोहर्ट्‌झ वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. युरोपीय गटाच्या विश्लेषणात भारतीय गटाची, म्हणजे इंडियन पल्सार टायमिंग ॲरेची, निरीक्षणेही होती. ती नारायणगावजवळच्या खोडद येथील अद्ययावत जीएमआरटीने घेतलेली. या कामात पल्सारच्या स्पंदांच्या आगमनाच्या वेळा वर्षानुवर्षे मोजायच्या आणि त्यांतले सूक्ष्म विचलन शोधायचे असते. ते शंभर नॅनोसेकंदांच्या घरातले, कधी त्याहूनही लहान.

आता हिशेब करा. दहा वर्षांत सुमारे साडेएकतीस कोटी सेकंद असतात. नेहमीच्या ६४ बिटांच्या अपूर्णांक संख्येत एवढा मोठा आकडा लिहिला, तर त्याच्या लगतचा पुढचा आकडा सुमारे ६० नॅनोसेकंदांवर असतो; त्यामधले काही लिहिताच येत नाही. जे शोधायचे, तेच मोजपट्टीच्या दोन रेघांमध्ये हरवते. म्हणून या क्षेत्रातली ‘पिंट’ ही आज्ञावली नमपायची ‘लाँगडबल’ ही अधिक रुंद संख्या वापरते.

पण नमपाय लाँगडबलबद्दल नेमके वचन काय देते? एवढेच, की ती नेहमीच्या संख्येहून कमी अचूक नसेल. प्रत्यक्षात किती रुंद, ते यंत्रावर अवलंबून. इंटेलच्या लिनक्स-यंत्रावर ती खरोखर रुंद असते. विंडोजवर किंवा ॲपलच्या नव्या चिपांवर ती साधी ६४ बिटांचीच निघू शकते. ज्याने जाहीर वचन वाचले, तो कार्यक्रमाच्या आरंभीच तपासणी ठेवतो. ज्याने ‘माझ्या संगणकावर चालते’ एवढेच पाहिले, त्याला दुसऱ्या यंत्रावर चूक दाखवणारा संदेशही येत नाही. केवळ उत्तर वेगळे येते.

इंटरफेस हा करार आहे, असे म्हणण्याचा अर्थ हाच. करारात दिलेली वचने असतात, तशीच न दिलेल्या वचनांची सीमाही असते. विज्ञानाला दोन्ही माहीत असावी लागतात. आपण मोजमापाची त्रुटी लिहिल्याशिवाय आकडा छापत नाही. मग ज्या फलनातून तो आकडा आला, त्याचा करार न वाचता तो कसा छापतो?

यावर कुणी म्हणेल की जाहीर गोष्टीही बदलतातच. बदलतात. नमपाय २.० मध्ये ३२ बिटांच्या सुट्या संख्येत पायथनची साधी अपूर्णांक संख्या मिळवली, तर उत्तर आता ३२ बिटांचेच राहते. पूर्वी ते ६४ बिटांचे होई. साधारण सोळा अंकांची अचूकता साधारण सात अंकांवर येते, हा बदल लहान नव्हे. परंतु तो आवृत्तीचा पहिला आकडा बदलून, प्रस्ताव लिहून, त्यावर चर्चा करून आणि स्थलांतराची मार्गदर्शिका देऊन केला गेला. माजघरातला बदल कोणत्याही मंगळवारी, कुणालाही न सांगता होतो, आणि तसे करण्याचा ग्रंथालयाला पूर्ण अधिकार असतो. ओसरी कधीच बदलणार नाही, असे कुणी म्हणत नाही. ओसरी बदलली तर सांगून बदलेल, एवढेच वचन आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

ही परंपरा आपलीच आहे

ही शिस्त सिलिकॉन व्हॅलीने आपल्यावर लादलेली नाही. खगोलशास्त्राने ती फार पूर्वी स्वीकारली. १९८१ साली फिट्स या फाइल-स्वरूपाचा आराखडा प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मुळाशी एक नियम राहिला: एकदा जे फिट्स ठरले, ते कायमचे फिट्स. स्वरूपात भर घालता येईल, पण जुनी फाइल अवैध ठरेल असा बदल करता येणार नाही. त्यामुळे त्या काळातली फाइल आजचे सॉफ्टवेअर उघडते.

जीएमआरटीचीच व्यवस्था पाहा. दुर्बिणीचा डेटा आत ‘एलटीए’ या तिच्या स्वतःच्या स्वरूपात नोंदला जातो. संशोधकाला विश्लेषणासाठी तो फिट्समध्ये रूपांतरित करून मिळतो. ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ ही त्यासाठीची साधने तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहेत. एलटीए हे माजघर, फिट्स ही ओसरी. आतली यंत्रणा काळानुसार बदलली तरी जगाला दिलेला करार टिकतो.

त्याचे फळ काय? २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाची पाहणी केली. त्या निरीक्षणांवर इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ‘स्पॅम’ ही नवी प्रक्रिया चालवली आणि २०१७ मध्ये आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग व्यापणारी, सहा लाखांहून अधिक रेडिओ-स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. डेटा सॉफ्टवेअरपेक्षा दीर्घायुषी ठरला. जुन्या डेटावर नवी प्रक्रिया चालवता आली, कारण मधला करार टिकून होता.

आता याच्या उलट टोक. आपले विद्यार्थी नमपायच्या सारण्या सर्रास ‘पिकल’ करून साठवतात. पिकल फाइलमध्ये आकड्यांबरोबरच त्या आकड्यांना उभे करणाऱ्या आतल्या विभागाचे नावही लिहिलेले असते. म्हणून नमपाय २ वर लिहिलेली पिकल फाइल जुन्या आवृत्तीवर उघडताना ‘_कोअर’ नावाचा विभाग सापडत नाही म्हणून अडल्याची तक्रार सगळीकडून आली. माजघरातल्या फळीचा पत्ता तुमच्या डेटामध्ये कोरला गेला! चाळीस वर्षांपूर्वीची फिट्स फाइल उघडते आणि गेल्या वर्षीची पिकल उघडत नाही, यातला फरक तंत्रज्ञानाचा नाही, शिस्तीचा आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: ‘आवृत्ती गोठवा, कंटेनर करून ठेवा, प्रश्न मिटला.’ शोधनिबंधाच्या दिवशीची स्थिती जतन करण्यासाठी हे अवश्य करावे. पण गोठवलेला कार्यक्रम म्हणजे संग्रहालयातला नमुना. तो पाहता येतो, वाढवता येत नाही. पुढच्या विद्यार्थ्याला त्यात नवे साधन जोडायचे असेल, तर ते साधन नवी आवृत्ती मागते आणि सगळे बर्फ एकदम वितळते. पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्याच्या भरवशावर राहिलेल्या गटांना गोठवण्याची किंमत विचारून पाहा.

दुसरा आक्षेप: ‘स्थैर्य म्हणजे साचलेपण.’ लिनक्सकडे पाहा. वापरकर्त्यांच्या कार्यक्रमांना दिलेला इंटरफेस मोडायचा नाही, याबाबत लिनस टॉरवाल्ड्‌स कमालीचे कठोर आहेत. त्याच लिनक्सच्या कर्नेलमधला आतला इंटरफेस मात्र मुद्दामच अस्थिर ठेवला आहे, म्हणजे सुधारणा अडू नये. बाहेर ठाम आणि आत मोकळे: या विभागणीमुळेच ते वेगाने वाढले. वापरणारे माजघरात ठाण मांडून बसले की ग्रंथालयाच्या कर्त्याला भिंत हलवता येत नाही. साचलेपण तिथून येते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: ‘मला हवे ते ओसरीवर नाहीच.’ असे होते. मग ते मागा. ग्रंथालयाच्या कर्त्यांना आपली गरज लिहून कळवा; जमल्यास स्वतः लिहून द्या. आतले फलन वापरणे अटळच असेल, तर ते कार्यक्रमात एकाच ठिकाणी बंदिस्त करा आणि शेजारी कारण लिहा. चोरवाटेला निदान पाटी तरी असू द्या.

दोष केवळ वापरणाऱ्यांचा नाही

ग्रंथालय लिहिणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे. गूगलमध्ये अभियंता राहिलेले हायरम राइट यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला एक नियम आहे: वापरणारे पुरेसे झाले, की तुमच्या प्रणालीचे दिसणारे प्रत्येक वर्तन कुणाच्या तरी आधाराचे होते, तुम्ही वचन दिलेले असो वा नसो. म्हणून पाटी पहिल्या दिवशीच लावायची असते. सायपायने सार्वजनिक आणि खासगी यांची स्वच्छ विभागणी नावांमध्ये आणली ती २०२२ च्या १.८ आवृत्तीत, १.० त्याआधी २०१७ मध्येच आली होती. उशीर झाला, पण पद्धत चांगली: जुनी नावे लगेच मोडली नाहीत, ती इशारा देत चालू राहिली.

नमपायच्या ‘फ्लोट’ या टोपणनावाचीही कथा अशीच. ते पायथनच्या साध्या फ्लोटचेच दुसरे नाव होते आणि ते नमपायचा खास प्रकार आहे, असा अनेकांचा गैरसमज होई. २०२१ च्या आरंभी १.२० मध्ये इशारा सुरू झाला, २०२२ च्या अखेरीस १.२४ मध्ये नाव गेले. जवळजवळ दोन वर्षांची मुदत! तरीही त्या दिवशी जगभर कार्यक्रम कोसळले. का? कारण असे इशारे पायथन मुळातच बहुतेक ठिकाणी लपवते. तुम्ही थेट चालवलेल्या फाइलीत ते दिसतात, आयात केलेल्या विभागात दबतात. आणि जे दिसतात तेही ‘इशारे बंद करा’ ही ओळ फाइलीच्या डोक्यावर लिहून आपण मारून टाकतो. ती ओळ मी शोधप्रबंधांच्या परिशिष्टांतही पाहिली आहे.

म्हणून वळवण्याचे काम नुसत्या सूचनेने होत नाही. चांगला इशारा ‘हे करू नका’ एवढ्यावर थांबत नाही, ‘त्याऐवजी हे करा’ असे सांगतो. २.० च्या वेळी ‘रफ’ या तपासनिसात खास नियम दिला गेला. तो जुनी नावे शोधतो आणि त्यांतली पुष्कळ स्वतःच बदलून देतो. योग्य वाट सोपी करणे, हेच खरे मार्गदर्शन.

पण हे श्रम कुणाच्या खर्चाने? ज्या नमपायवर जगाचे खगोलशास्त्र, हवामानशास्त्र आणि जीवशास्त्र उभे आहे, त्याच्या विकासाला पहिले थेट अनुदान २०१७ मध्ये मिळाले, तेही अमेरिकेतील मूर प्रतिष्ठानाकडून. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या आराखड्याने मंजूर झाले. ती यंत्रे ज्या खुल्या ग्रंथालयांविना मुकी आहेत, त्यांची देखभाल करणाऱ्या भारतीय हातांसाठी आपल्या व्यवस्थेत ना पद आहे, ना बढतीचा निकष. क्षमता नाही, असे नाही: मायावी हे त्रिमित चित्रणाचे साधन लिहिणारे प्रभू रामचंद्रन मुंबईच्या आयआयटीत आहेत, आणि तिथलाच फॉसी प्रकल्प केंद्राच्या निधीतून वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण देतो आहे. उणीव क्षमतेची नाही, हिशेबाची आहे.

मागण्या

१. भौतिकीच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात एक प्रात्यक्षिक हवे: तोच कार्यक्रम ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्यांवर चालवा, इशारे वाचा, उत्तरांतला फरक समजावून सांगा.

२. शोधप्रबंधात ग्रंथालयांच्या आवृत्त्या लिहाव्यात, आणि खासगी फलन वापरले असल्यास त्याचे कारण द्यावे. परीक्षकांनी तो प्रश्न तोंडी परीक्षेत विचारावा.

३. भारतीय दुर्बिणी, उपग्रह आणि प्रयोग यांच्या प्रक्रिया-आज्ञावल्या लिहिणाऱ्या गटांनी सार्वजनिक फलनांची यादी प्रसिद्ध करावी, बाकीच्यांना अंडरस्कोर लावावा, आणि काहीही काढण्यापूर्वी निदान दोन आवृत्त्यांची मुदत द्यावी.

४. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आणि महासंगणन अभियान यांनी यंत्रखर्चाबरोबर ग्रंथालयांच्या देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद करावी. खुल्या ग्रंथालयातले योगदान नियुक्ती आणि बढतीत मोजले जावे.

यांतली चौथी मागणी दिल्लीच्या हाती आहे. पहिल्या तीन तशा नाहीत. रायपूरच्या रविशंकर शुक्ल विद्यापीठाचा किंवा पुण्याचा एखादा प्राध्यापक येत्या सत्रातच त्या अमलात आणू शकतो.

आणि विद्यार्थ्याला तर सत्राचीही वाट पाहायची गरज नाही. आपला कार्यक्रम पायथनच्या ‘डब्ल्यू एरर’ या पर्यायासह चालवा. प्रत्येक इशारा चूक समजला जाईल आणि कार्यक्रम तिथेच थांबेल. जिथे थांबेल, तिथे दस्तऐवज उघडा आणि विचारा: मी ओसरीवर आहे की माजघरात? पुढच्या वर्षी तुमचा कोड ज्याच्या हाती जाणार आहे, त्याला तुमचे नावही कदाचित माहीत नसेल. त्याला तुमचे उत्तर पुन्हा मिळावे, हीच विज्ञानाची अट आहे.

— तात्यापारा, रायपूर